हाइदोचं दार माझ्या पाठीवर

मी एक म्हातारं खेचर आहे, मित्रांनो, आणि उभ्याउभ्याच झोपतो. त्यामुळे गावाला वाटतं, याला काही कळत नाही. वाटू दे बापडं. डोळे अर्धे मिटले की समोरचा डोंगर हळूच हलायला लागतो, त्याचा समुद्र होतो आणि मी पुन्हा त्या जहाजात उभा असतो.

माझा जन्म अमेरिकेतल्या सपाट मुलखातला. तिथली मक्याची शेतं इतकी लांब, की नांगराला जुंपल्यावर दुसरं टोक दिसायचंच नाही. मग एके दिवशी आम्हाला जहाजात चढवलं आणि ग्रीसला पाठवून दिलं. कशासाठी, ते पुढे कॉफीच्या दुकानाबाहेर बांधलेला असताना ऐकून ऐकून कळलं. महायुद्ध संपलं होतं, पण ग्रीसमध्ये भावाभावांतच जुंपली होती. लाल बावट्यावाले डोंगरात आणि सरकार खाली शहरांत. हा बावटा आता पुढे सरकू द्यायचा नाही, असं अमेरिकेने ठरवलं. त्यासाठी बंदुका आल्या, पीठ आलं, दुधाची पावडर आली आणि आम्हीही आलो. पोटात भाकरी आणि गोठ्यात जनावर असलं की माणूस बंडात जात नाही, असा त्यांचा विचार. बघा म्हणजे, मी शेतातलं साधं जनावर, आणि मला न विचारता केवढ्या राजकारणात पडलो होतो.

मी पेत्रोव्रीसी नावाच्या डोंगरी गावाला पोचलो तेव्हा लढाई थांबून चारच महिने झाले होते. निम्मं गाव जळालेलं. घरं तीस आणि खेचर एक, म्हणून टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. मी लागलो हाइदोला. हाइदो विधवा होती. तिचा एकुलता एक मुलगा लाम्ब्रोस विसाव्या वर्षी बंडखोरांबरोबर डोंगरात गेला होता. ते हरले आणि सरहद्दीपलीकडे पांगले, तेव्हापासून त्याची काही खबर नव्हती. तिच्या घराला दार नव्हतं. चौकटीत नुसतं घोंगडं टांगलेलं होतं.

मला पाहून गाव हसलं. इथली खेचरं बुटकी, आणि मी हा असा ताडमाड.

"हाइदो, हे खेचर आहे का घंटाघर?" खोगीर करणारा झीसिस म्हणाला. "याच्या मापाचं खोगीर अख्ख्या डोंगरात मिळायचं नाही. आणि खोगिराशिवाय इथे जनावर म्हणजे नुसतं खाणारं तोंड."

"मग नवं कर."

"वाळलेलं लाकूड आण. ओल्या लाकडाचं केलं तर याची पाठ सोलून निघेल."

हाइदोकडे अक्रोडाच्या सहा फळ्या होत्या. लाम्ब्रोसने जाण्याआधी घराच्या दारासाठी चिरून वाळत ठेवलेल्या. घर अर्धं जळालं, पण मागच्या छपरातल्या त्या फळ्या वाचल्या. तिने त्यांच्यावरून एकदा हात फिरवला आणि झीसिसला दिल्या. दार काय, थांबेल, असं म्हणाली. आठ दिवसांत माझं खोगीर तयार झालं. मी जन्मात ओझं वाहिलं नव्हतं, नांगरच ओढला होता. पहिल्या दिवशी मी उतारावर ठाण मांडून बसलो. तिने मारलं नाही. शेजारी बसून तिने अर्धी भाकरी खाल्ली आणि अर्धी मला दिली. मग काय, उठावंच लागलं.

पण आठवडाभरातच शहरातून कागद आला. बंडखोराच्या घरात मदतीचं जनावर राहणार नाही. ठेवायचं असेल तर आईने लिहून द्यावं. कागद घेऊन सरपंच स्तेर्योस अंगणात आला. यानेच लाम्ब्रोसला बाप्तिस्म्याला मांडीवर घेऊन नाव दिलं होतं. अशा माणसाला त्या गावात 'कुम्बारे' म्हणतात, आणि तो सख्ख्यापेक्षा जवळचा.

"अंगठा उमटव आणि मोकळी हो," तो म्हणाला. "'लाम्ब्रोस माझा मुलगा नाही', एवढंच लिहिलंय."

"एवढंच? कुम्बारे, त्याचं नाव कुणी ठेवलं?"

स्तेर्योस माझ्या खुरांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं, दुसरी वाट सांगतो. येत्या शनिवारी देवाघरी गेलेल्यांची नावं चर्चमध्ये वाचतील. त्याचं नाव त्या यादीत दे. मेलेल्या मुलाला नाकार असं कुणी सांगत नाही. खेचर तुझं तुझ्याकडे राहील."

"तो मेला असं तुला कुणी सांगितलं?"

"आणि जिवंत आहे असं तुला कुणी सांगितलं?"

उंचावरच्या शेताच्या पायऱ्या नांगरायच्या होत्या, लाकूड आणायचं होतं, आणि तिच्या गुडघ्यांत जोर उरला नव्हता. माझ्याशिवाय तिचं वर्ष निघणं कठीण होतं. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

शनिवारी सकाळी तिने उकडलेल्या गव्हात साखर-मनुका घालून ताट सजवलं. गेलेल्यांसाठी तिथे तसंच करतात. तिने मला चर्चबाहेरच्या झाडाला बांधलं. त्या गावात घरटी दोन कागद द्यायची पद्धत होती, एक गेलेल्यांच्या नावांचा आणि एक हयात असलेल्यांचा; ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे पाद्रीच लिहून घेत. पापा-नासोस पाद्री आधी गेलेल्यांची नावं वाचत. आत सगळं गाव कान देऊन उभं होतं. हाइदोच्या घरची पाळी आली. नवरा, सासरा, सासू. एवढी नावं झाली आणि पाद्री पुढच्या घराकडे वळले. नंतर दुसऱ्या कागदांची पाळी आली. हाइदोच्या कागदावर एकच नाव होतं. पापा-नासोस एरवी पुटपुटत वाचायचे, पण ते नाव मला बाहेर झाडाखाली स्वच्छ ऐकू आलं.

दुपारी स्तेर्योस मला न्यायला आला. आता मी गावाचा होतो. पाळीपाळीने प्रत्येक घरी, फक्त हाइदोचं घर सोडून. हाइदोने माझ्या पाठीवरचं खोगीर उतरवलं.

"खेचर सरकारचं, ने," ती म्हणाली. "खोगीर माझ्या लेकाच्या फळ्यांचं आहे. ते इथेच राहील."

"अगं, त्याच्याशिवाय याचं करायचं काय?"

"ज्याला पाहिजे त्याने सकाळी येऊन मागावं. चढवणार मी. आणि परत आणताना एक ओझं लाकूड माझ्या अंगणात टाकावं."

गावाने चार दिवस धुसफूस केली आणि पाचव्या दिवशी पहिला माणूस मला घेऊन तिच्या अंगणात आला. मग रोजचंच झालं. धुकं उतरायच्या आत ती पट्टा आवळायची, माझ्या कानाशी काहीतरी गुणगुणायची, आणि मी अर्ध्या झोपेतच डोंगर चढायला लागायचो. तिची चूल विझली नाही. पायऱ्याही कुणी ना कुणी नांगरून द्यायचं. आणि दर वर्षी दुसऱ्या कागदावर ते एक नाव वाचलं जायचं.

नऊ वर्षांनी एका सकाळी स्तेर्योस पत्र घेऊन आला. हाइदोला वाचता येत नव्हतं, म्हणून तोच वाचू लागला. पत्र दूर सोव्हिएत मुलखातल्या ताश्कंदहून होतं.

"आई, मी इथे सुतारकाम करतो. लोकांची दारं बनवतो. परत येऊ देतील असं वाटत नाही. आपल्या फळ्या एव्हाना चांगल्या वाळल्या असतील. कुणाकडून तरी दार करून घे, थंडीत घोंगड्यावर राहू नकोस."

हाइदोने माझ्याकडे पाहिलं. हसली आणि रडलीही. बराच वेळ दोन्ही चालू होतं.

"लिही, कुम्बारे," ती म्हणाली. "दार केलंय म्हणावं. रोज गावभर हिंडतं आणि संध्याकाळी घरी येतं."

स्तेर्योसने लिहिलं. पाकिटावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्याचा हात थांबला. मग त्याने ते मोठ्या, ठळक अक्षरांत लिहिलं. नंतर हाइदोला हाताला धरून माझ्या पाठीवर बसवलं. त्या दिवसापर्यंत ती माझ्यावर कधी बसली नव्हती, कारण मी तिचा नव्हतो. लगाम धरून, सगळ्या गावासमोरून, तो आम्हाला चर्चपर्यंत घेऊन गेला.

हाइदो आता पहिल्या कागदावर गेली आहे. तिच्या घराच्या चौकटीत अजून घोंगडंच आहे. जनावराला प्रेमाने वागवा, मित्रांनो, हे मी सांगणारच, तो माझा हक्क आहे. पण मी कुणीतरी कुणालातरी दिलेलं दान होतो, म्हणून आणखी एक सांगतो. दान जरूर घ्या. त्याच्या बदल्यात घरातलं एखादं नाव मागितलं, तर मात्र खेचरासारखे ठाण मांडून बसा. आता मला डुलकी येतेय. पाठीवर अक्रोडाचं लाकूड अजून पक्कं आहे, आणि हाइदोच्या जागी आता दर वर्षी दुसऱ्या कागदावर ते एक नाव स्तेर्योस लिहून देतो.