थोरलीच्या अंगावरचं मीठ

ओझंबमध्ये मीठ खात नाहीत. नव्हते खात, असं म्हणायला हवं. माणसांच्या बंदरातून आलेला व्यापारी आमच्या अळिंबीच्या रश्श्याचा पहिला घोट घेई आणि तोंड वाकडं करी, आणि आम्ही गॉब्लिन एकमेकांना कोपरखळ्या मारून हसायचो. त्याची पोतडी वेशीवर झाडून घेतलेली असे. मिठाचा खडा सापडला तर वेशीवरूनच मागे फिरायचं, मग तो राजाचा दूत का असेना.

हे सगळं थोरलीसाठी. आमच्या पूर्वजांना जगाने हाकलून लावलं तेव्हा त्या डोंगराएवढ्या गोगलगाईने त्यांना शंखावर घेतलं आणि मिठाचं वाळवंट पार केलं. खालून तिचं पोट भाजत होतं, तरी ती चालत राहिली. गोड्या पाण्याच्या झऱ्यापाशी ती थांबली आणि तिथेच शहर उभं राहिलं. पूर्वजांनी तिला शब्द दिला होता की यापुढे तुझ्या जवळपास मिठाचा कणही येणार नाही. तिच्या अंगाचा चीक वाळला की काचेसारखा आरपार दिसतो आणि दगड मारला तरी फुटत नाही. जहाजांच्या भेगा त्याने बुजतात, राजवाड्यांच्या खिडक्या त्याच्या होतात, सैनिकांच्या जखमाही त्यानेच भरतात. ओझंबला जे काही वैभव आलं ते या चिकातून.

माझं नाव द्रुझी. तरुणपणी मी माणसांच्या बंदरावर जहाजांना चीक लावायचं काम केलं. आता बाजारात शेवाळाच्या भाकरी भाजते. बहीण वारली तेव्हा तिची इर्झूल जेमतेम रांगत होती, तिला मीच वाढवलं. मोठ्या कानांची पोर, लांब नि तलम कान, आनंद झाला की टोकं थरथरायची. तिला प्राखोच्या घरून मागणी आली तेव्हा सगळी आळी माझ्या भट्टीपाशी जमली. प्राखो म्हणजे थोरलीच्या विहिरीचा कारभारी. थोरली ज्या खोल विहिरीत राहते तिथे त्याच्या घराण्याखेरीज आणि त्याच्या गड्यांखेरीज कुणी उतरत नाही. आम्हाला ती दिसते ती स्थापनेच्या सणाला, आणि तीही वरच्या सज्जातून. घासूनपुसून लख्ख केलेला शंख, त्यावर फुलं. अंग दिसत नाही. ती झोपते, असं सांगतात.

साखरपुड्याचं जेवण प्राखोकडे होतं. माणूस बोलायला लोण्यासारखा. दारात सामोरा आला, माझे दोन्ही हात हातात घेतले, विहीणबाई विहीणबाई करत आत नेलं. त्याचा मुलगा टिम्रक वाकून पाया पडला. ताटात तळलेले बेडूक होते, वर कसलीशी हिरवी चटणी. मी एक तंगडी तोंडात टाकली आणि माझे कान ताठ उभे राहिले.

ती चव मला ठाऊक होती. बंदरावर एकदा एका खलाशाने गंमत म्हणून मला खारवलेला मासा चारला होता. मी तो थुंकून टाकला, गोड्या पाण्याने चुळा भरून राखेने जीभ घासली, तरी कितीतरी दिवस ती चव गेली नव्हती. आता तीच चव प्राखोच्या घरात, थोरलीच्या डोक्यावर बांधलेल्या घरात, माझ्या तोंडात होती.

यात काय घातलंय, असं मी विचारलं.

"आमच्या घरचा मसाला, विहीणबाई," प्राखो म्हणाला. "पहिल्यांदा चमत्कारिक लागतो. एकदा सवय झाली की मग दुसरं काही गोड लागत नाही."

मी इर्झूलकडे पाहिलं. ती बोटं चाटत होती. वाडग्याच्या तळाशी उरलेली चटणी तिने बोटाने पुसून घेतली, न विचारता, न बिचकता. त्या घरात ती पहिल्यांदा जेवत नव्हती. मी घास गिळला कसा ते मला सांगता येणार नाही. चारचौघांत थुंकायची लाज वाटली म्हणून गिळला एवढं खरं.

जेवणानंतर टिळा. मुलीकडच्या वडीलधाऱ्याने थोरलीचा ताजा चीक दोघांच्या कपाळाला लावायचा, अशी रीत आहे. प्राखोने चांदीच्या वाटीत चीक मागवला. मी म्हटलं, वाटीतला नको. बहिणीची एकुलती एक पोर आहे, मी खाली जाऊन माझ्या हाताने घेणार. तो मान माझा आहे. प्राखोने पायऱ्या निसरड्या आहेत म्हणून सांगितलं, खाली वास असतो म्हणून सांगितलं, माझ्या गुडघ्यांची काळजीसुद्धा केली. मी उठून उभी राहिले तेव्हा त्याने मुलाकडे पाहिलं आणि खांदे उडवले.

"चला तर मग. आता काय, घरच्याच तुम्ही."

आम्ही चौघं उतरलो. निम्म्या पायऱ्यांवरच वास आला. सडलेल्या मांसाचा वास मी ओळखते, पण यात खाली काहीतरी गोडसर होतं, उकळून उतू गेलेल्या दुधासारखं. भिंती ओल्या होत्या. हात टेकला तर चिकट तारा सुटत होत्या.

खाली थोरली होती. वरून दिसतो तो शंख, आणि त्याच्याखाली जे होतं त्याला अंग म्हणणं कठीण. कडेचं सगळं मांस झिजून झालरीसारखं लोंबत होतं. त्यात भोकं होती, काही ताजी लाल, काही पिवळी, पू धरलेली. एका बाजूला तर जुन्या जखमेवर नवी, नवीवर आणखी नवी, अशी कातडीच उरली नव्हती. नुसती एक थरथरती, ओली लापशी. डोळ्यांच्या शिंगांपैकी एक वाळून काळं पडलं होतं, जळलेल्या वातीसारखं. दुसरं तिने आत ओढून घेतलं होतं.

गडी ओळीने उभे होते. पाठीशी पोती. लांब दांड्याचा पळा पोत्यात खुपसायचा, भरून काढायचा आणि तिच्या अंगावर भिरकावायचा. मीठ पडलं की चर्र असा आवाज यायचा, अंग आक्रसायचं आणि त्या जागेवरून पांढरा फेस भसाभस वर यायचा. तो फेस दुसरे गडी फावड्याने पिंपात ओढत होते. एकाने फावडं नीट पोचावं म्हणून तिच्या मांसावरच पाय दिला होता. तिच्या अंगाला एवढा कंप सुटला होता की पायाखालची फरशी हलत होती. आवाज मात्र नाही. तिला आवाजच नाही.

जवळच्या पोत्यावर एक गडी टेकला होता. त्याने मिठात बोट बुडवलं, चाटलं आणि माझ्याकडे बघून ओळखीचं हसला.

मी तिथेच ओकले. तो बेडूक, ती चटणी, सगळं.

गडी हसले. कुणीतरी म्हणालं, पहिल्या दिवशी सगळ्यांचंच असं होतं, आजी. प्राखोने स्वतःच्या उपरण्याने माझं तोंड पुसलं. त्याचा हात मऊ होता. मी तोंड बाजूला घेतलं. मग तो समजुतीच्या सुरात सांगू लागला. थोरली म्हातारी झाली, चालेनाशी झाली तेव्हा तिचा चीक आटला. शहर उपाशी मरायची वेळ आली. त्याच्या आजोबांनी हा उपाय काढला. तेव्हापासून चाललंय, कारभाऱ्याची पोती वेशीवर कुणी उघडत नाही.

"तिला काही कळत नाही हो," तो म्हणाला. "गोगलगाय ती. दुखलं असतं तर ओरडली नसती का?"

मी इर्झूलला म्हटलं, चल इथून. ती हलली नाही. तिच्या कानांची टोकं स्थिर होती.

"मावशी, आपल्या घराच्या खिडक्या कुठून आल्या वाटलं तुला?" ती म्हणाली. "टिळा लाव नि मोकळी हो. सगळे थांबलेत."

मी हात पुढे केला नाही. तेव्हा तिने स्वतःच वाकून पिंपातला फेस बोटावर घेतला, आधी टिम्रकच्या कपाळाला लावला, मग स्वतःच्या. वर तोंड करून तिने मला दाखवलं. तो फेस तिच्या भुवईवरून ओघळत होता आणि त्यात एक बारीक लाल धागा होता. मी जिला मांडीवर घेऊन भरवलं तिच्या तोंडाकडे मला बघवेना.

जाता जाता मी पोत्यात हात घातला आणि मूठ भरून घेतली. कुणी अडवलं नाही. मी काय करणार याची त्यांना मुळी भीतीच नव्हती. ते बरोबर होते, पण ते मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात घरोघरच्या कर्त्यांची सभा होती. मी उभी राहिले आणि पाहिलं ते सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडा होईल, लोक पायताणं घेऊन विहिरीकडे धावतील. लोक गप्प बसले. ते गप्प बसणं मला आवडलं नाही. आश्चर्य वाटलेला माणूस असा गप्प बसत नाही. मग एका सुताराने शंका काढली की द्रुझीने हे मीठच होतं हे कशावरून ठरवलं. तेव्हा मी फडक्यातली मूठ सोडली.

"घ्या जिभेवर," मी म्हटलं. "आपल्या आईच्या अंगावर काय टाकतात ते एकदा चाखून तरी बघा."

मला त्यांना किळस आणायची होती. एकेकाने चिमूट घेतली. तोंडं वेडीवाकडी झाली, काहीजण थुंकले, एका बाईने डोळ्यांना पदर लावला. मला बरं वाटलं. आणि मग मी त्या सुताराला पाहिलं. तो ओठ चाटत होता. त्याने इकडेतिकडे बघितलं, बोट पुन्हा फडक्याला लावलं आणि पटकन तोंडात घातलं. त्याच्या शेजाऱ्याने ते पाहिलं. थोड्या वेळाने माझ्या फडक्यावर कणही उरला नव्हता.

सभेचा निर्णय सरळ होता. थोरलीच्या अंगावर इतकी वर्षं मीठ पडतंय आणि ती जिवंत आहे, तेव्हा पूर्वजांनी उगाच धास्ती घेतली होती. आणि खुद्द तिच्यापाशी मीठ चालतं तर आपल्याच ताटात का नको. वेशीवरची झडती बंद झाली. उन्हाळा सरायच्या आत बाजारात माझ्या भट्टीसमोर मिठाचं दुकान लागलं. बायका माझ्याकडून भाकरी घ्यायच्या, समोर जाऊन त्यावर मीठ भुरभुरवायच्या, आणि तिथेच उभ्या राहून खाताना मला सांगायच्या, द्रुझी, तुझ्यामुळे गं हे सुख. त्या बोटं चाटायच्या तो आवाज ऐकून माझं पीठ मळणं थांबायचं. मी भट्टी विझवली ती मग पेटवलीच नाही.

इर्झूलच्या लग्नाला मी गेले नाही. लग्नानंतर प्राखो स्वतः माझ्या दारी आला, तोंड भरून हसत, विचारायला की विहीणबाईंना काही हवंय का. मी म्हटलं, खाली जाऊ द्या. तिला धुवू द्या. त्याने थोडा विचार केला आणि हो म्हणाला.

तेव्हापासून रोज जाते. गडी जेवायला बसले की झऱ्याचं पाणी आणते आणि तिच्या अंगावरून सोडते. मीठ विरघळून वाहून जातं. पू फडक्याने टिपते. सुरुवातीला नाकाला कापड बांधत होते, आता बांधत नाही. पाणी पडलं की तिचं अंग हळूहळू पसरतं, सैल होतं, आणि एकदा तिने ते उरलेलं शिंग बाहेर काढून माझ्या दिशेने वळवलं होतं. जखमा धरायला लागतात. दुपारी गडी येतात आणि पळे भरतात.

अलीकडे प्राखोने मला बोलावून सांगितलं की मी धुवायला लागल्यापासून चीक वाढलाय. बऱ्या झालेल्या कातडीतून फेस जास्त येतो म्हणे. त्याने मला दोन बादल्या नव्या दिल्या. त्या रात्री मला झोप आली नाही. जायचं बंद केलं तर ती वाळून मरेल. जात राहिले तर तिला पुन्हा पुन्हा भाजता यावं म्हणून मीच तिला बरी करते. माझेच हात मला नकोसे झाले, किती घासले तरी बुळबुळीत वाटत राहिले. सकाळी उठून मी गेले.

काल इर्झूल खाली आली. दिवस गेलेत तिला. पायरीवरच थांबली आणि म्हणाली की मावशी, पुरे झालं, वर चल, माझ्याकडे राहा, बाळाला आजी हवी. ती बोलली तसा तिच्या तोंडाचा खारट वास माझ्यापर्यंत आला. मी मान फिरवली. मी तिला म्हटलं, येईन की नाही ते माहीत नाही, पण आता माझी कंबर धरलीये, ती भरलेली बादली तेवढी इकडे दे.

तिने एकदा मागे वळून वर पाहिलं. मग खाली उतरली. फेस लागू नये म्हणून लुगडं एका हाताने वर धरलं, दुसऱ्या हाताला रुमाल गुंडाळला आणि बादलीची कडी दोन बोटांत उचलून माझ्या पुढ्यात ठेवली. हात लगेच मागे घेतला.

मी बादली उचलली आणि पाणी सोडलं.