दोन मनगटं

व्हर्निसने उजव्या मनगटावरच्या घड्याळाची किल्ली बाहेर ओढली, काटा एक तास मागे फिरवला आणि समोर उभ्या असलेल्या दोघी म्हाताऱ्यांना पुन्हा विचारलं, "नक्की ना? तुमच्या जहाजावर आत्ता सव्वाआठ?"

"सव्वाआठ," थोरली म्हणाली.

"अठरा मिनिटं झाली," धाकटी म्हणाली. "ही कायम तीन मिनिटं खाते. लहानपणापासून."

व्हर्निसने किल्ली आत दाबली. डाव्या मनगटावर सव्वानऊ वाजून गेले होते. ती बेटाची वेळ. उजव्या मनगटावर आज जे जहाज धक्क्याला लागलं असेल त्याची वेळ. कुठलं जहाज बेटाच्या घड्याळाने चाले, कुठलं आपल्या मूळ बंदराचं घड्याळ सोबत घेऊन फिरे. बंदराच्या फाटकाबाहेर बदामाच्या झाडाखाली उभ्या राहणाऱ्या सगळ्या गाडीवाल्यांची ही रीत होती: जेवणाची वेळ डाव्या हाताला विचारायची, परतीची उजव्या. उजवं घड्याळ तिच्या नवऱ्याचं, आल्बनचं. तो गेला, घड्याळ चालत राहिलं. संध्याकाळी जहाज सुटलं की ती ते काढायची आणि गाडीतल्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. गेलेल्या जहाजाची वेळ कशाला सांभाळायची?

"पहिला नंबर, व्हर्निस!" हेस्केथ झाडाखालच्या स्टुलावरून ओरडला. गाडीवाल्यांची पाळी लावण्याचं काम त्याचं. "घेतेस की सोडतेस? आज तुला गाडी चालवायला सुचतंय का, ते आधी सांग."

"न सुचायला काय झालं?"

"पोरगी येतेय ना."

"दोनला येतेय. तोवर मी काय झाडाची पानं मोजू?"

पाळी सोडली की नाव रांगेच्या शेवटी जाई. शिवाय दोनला अजून भरपूर अवकाश होता. तिने दोघींना गाडीत बसवलं, सीटखालचा खाऊचा डबा नीट सरकवून ठेवला आणि गाडी सुरू केली. गाडीच्या कपाळावर आल्बनने रंगवलेलं नाव होतं, 'घाई नको'.

डब्यात नारळाच्या वड्या होत्या, आलं आणि तमालपत्र घातलेल्या. पहाटे उठून केलेल्या. डब्याखाली नेरिसाचं पत्र होतं. ते आता वाचावं लागत नव्हतं. *नऊ फेब्रुवारीला आमचं जहाज पहिल्यांदाच आपल्या बेटाला लागतंय. आई, एक वाजता फाटकाबाहेर ये. चाळीस मिनिटं मिळतील. इथे टेबल सोडता येत नाही. जहाज सुटलं की मगच दहा मिनिटं चहाची.*

पोर गेल्याला अकरा महिने झाले होते. नेरिसा जहाजावर सहलींच्या टेबलाशी बसायची. जहाजाच्या सहली विकायच्या आणि जो म्हणेल की आम्ही आपले आपण बाहेर पडतो, त्याला शांतपणे सांगायचं: जरूर जा, पण उशीर झाला तर जहाज थांबत नाही. ते वाक्य ऐकून निम्मी माणसं मुकाट्याने जहाजाच्या बसमध्ये चढत. उरलेल्यांतली निम्मी फाटकाबाहेर येऊन व्हर्निससमोर तेच वाक्य पुन्हा म्हणत, घाबरून. हेस्केथ तिला चिडवायचा, "मायलेकींचा धंदा बघा! ती वर बसून घाबरवते, ही खाली उभी राहून गोंजारते."

एक वाजता, असं पत्रात होतं. एक म्हणजे जहाजाचा एक, म्हणजे इथले दोन. व्हर्निसने त्याचा विचारसुद्धा केला नव्हता. पोर जहाजावर जेवते, जहाजावर झोपते; तिचा एक तो जहाजाचाच असणार.

दोघी बहिणी होत्या. थोरली फ्रीडा, धाकटी लुएला. दोघी सत्तरीपलीकडच्या, बर्फाच्या गावाहून आलेल्या.

"टेबलावरच्या मुलीने आम्हाला तीनदा सांगितलं, जहाज थांबत नाही," फ्रीडा म्हणाली. "मी म्हटलं, बाळ, माझ्यासाठी आजवर कोणीच थांबलेलं नाही."

"चूक. मी थांबलेय," लुएला म्हणाली. "आज सकाळीसुद्धा. न्हाणीघराबाहेर अर्धा तास."

व्हर्निस हसली. ती मुलगी माझी, हे ओठांवर आलं होतं, पण तिने ते गिळलं. टेबलावरच्या मुलीची आई फाटकाबाहेर गाडी चालवते, हे जहाजावर कोणाला कळलेलं चालेल का, तिला ठाऊक नव्हतं. आरशात बघून तिने नुसतं विचारलं, "बोलायला बरी आहे का ती मुलगी?"

"गोड आहे. जरा बारीक आहे."

व्हर्निसने गिअर बदलला तो जरा जोरातच.

ट्रॅफल्गरचा धबधबा झाला. फ्रीडाने कॅमेऱ्याचा एक अख्खा रोल तिथेच संपवला. रस्त्याकडेच्या टपरीत तिघींनी तळलेली भाकरी आणि खारा मासा खाल्ला. मग वॉटन वेव्हनची गरम कुंडं. दगडांमधून वाफ निघत होती, गंधकाचा वास होता, पाणी दुधट. दोघी बहिणी गळ्यापर्यंत बुडून बसल्या आणि त्यांच्या चेहऱ्यांवरचं वय हळूहळू उतरू लागलं.

निघायची वेळ झाली तेव्हा लुएला म्हणाली, "अजून पाच मिनिटं?"

व्हर्निसने उजवं मनगट पाहिलं. पावणेबारा. "दहा बसा," ती म्हणाली. आज तिच्याकडे द्यायला वेळ होता. ती काठावरच्या दगडावर बसली, पावलं पाण्यात सोडली आणि नेरिसा भेटली की पहिलं काय विचारायचं ते ठरवू लागली. जेवतेस का, हे नको. ते शेवटी.

दहाची पंधरा झाली, पंधराची पंचवीस. फ्रीडाने डोळे उघडले आणि व्हर्निसच्या हातांकडे पाहून म्हणाली, "मी सकाळपासून विचारणार होते. इथे फॅशन आहे का ही?"

"कसली?"

"दोन-दोन घड्याळांची. ती टेबलावरची मुलगीसुद्धा दोन लावते. दोन्ही हातांत. लुएलाने विचारलंसुद्धा तिला."

"हो ना," लुएला डोळे न उघडताच म्हणाली. "म्हणाली, उजवं जहाजाचं. आणि डावं घरचं. जहाज कुठेही असो, म्हणे, डाव्याला मी हात लावत नाही."

व्हर्निसची पावलं पाण्यातच थांबली.

डावं घरचं. अकरा महिने, कुठल्या कुठल्या बंदरांत, पोरीच्या डाव्या हातावर हे बेट चालू होतं. इथे कोंबडा आरवला की तिच्या मनगटावर तीच वेळ. इथे चुलीवर कोको उकळला की तिच्या मनगटावर तीच वेळ. मग आईला पत्र लिहायला बसली तेव्हा तिने कुठल्या हाताकडे पाहिलं असेल?

व्हर्निसने डावं मनगट वर केलं. एक वाजून दहा मिनिटं.

"चला," ती उठून म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "कृपा करून उठा. चला."

"जहाज चुकलं?" फ्रीडा घाबरली.

"जहाज नाही," व्हर्निस म्हणाली. आणि मग टॉवेल देता देता, बटणं लावता लावता, लुएलाच्या सुजलेल्या पायात सँडल सरकवता सरकवता तिने सगळं सांगून टाकलं. मुलगी माझी. तिने माझा एक धरला, मी तिचा धरला.

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. लुएलाने दुसरी सँडल हातातच घेतली आणि अनवाणी गाडीकडे चालू लागली.

रस्ता अरुंद होता. वळणावर केळ्यांचा ट्रक पुढे आला आणि पुढेच राहिला. व्हर्निस हॉर्नवर हात ठेवूनच होती. एरवी ती हॉर्न वाजवणाऱ्यांना शिव्या घालायची.

"गाडीचं नाव 'घाई नको' आहे ना?" मागून फ्रीडा म्हणाली.

"फ्रीडा, गप्प बस," लुएला म्हणाली. थोड्या वेळाने खिडकीतून डोकं बाहेर काढून तीच ट्रकवाल्यावर ओरडली, "अहो मिस्टर! इथे एक आई आहे!"

ट्रक बाजूला झाला. त्याला काय ऐकू गेलं कोण जाणे.

बदामाच्या झाडाखाली गाडी थांबली तेव्हा डाव्या हातावर एक वाजून सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. झाडाखाली हेस्केथ होता, त्याचं स्टूल होतं, दोन गाडीवाले डॉमिनो खेळत होते. हेस्केथ उठून उभा राहिला. तो कोणासाठी उठत नसे.

"गेली," तो म्हणाला. "चाळीस म्हणजे चाळीस. लोकांना तेच सांगते ना ती, स्वतः कशी मोडेल?"

व्हर्निसने स्टिअरिंग सोडलं नाही.

"एकच्या ठोक्याला आली. मी म्हटलं, पोरी, दोनला यायचंस तू. ती म्हणाली, काका, एक. मी म्हटलं, तुझी आई दोन म्हणाली. मग तिने आधी या हाताकडे पाहिलं, मग त्या हाताकडे, आणि हसायलाच लागली. हसता हसता डोळे पुसले. म्हणाली, काका, आमच्या घरात सगळे असेच. दुसऱ्याच्या घड्याळाने चालतात."

"खाल्लं का काही तिने?"

"माझ्या डब्यातलं अर्धं. सुरण सगळं संपवलं." हेस्केथने मान खाजवली. "आणि ऐक. सव्वाला तुझी पाळी परत आली. नियम तुला ठाऊक आहे, माणूस हजर नसेल तर नाव खाली. मी पुकारलं, 'व्हर्निस!' आणि तुझी पोरगी उठली. छातीवरचा बिल्ला काढला, खिशात घातला. तुझा खडूचा फळा घेतला आणि उभी राहिली फाटकासमोर. जहाजाच्या गणवेशात! ओरडतेय, 'ट्रॅफल्गर! गरम पाणी! बेटावरची सगळ्यात चांगली गाडी!' अगं, तुझ्याहून मोठा आवाज. कोणी वरून पाहिलं असतं तर नोकरी गेली असती."

त्याने भिंतीकडे बोट केलं. भिंतीच्या सावलीत चौघं बसली होती, दोन जोडपी, मांडीवर टॉवेल घेऊन. गवती टोपीतला उंच माणूस उठून गाडीजवळ आला.

"व्हर्निस तुम्हीच?" त्याने विचारलं. "काल दोनदा तिच्या टेबलाशी गेलो होतो आम्ही. दोन्ही वेळा म्हणाली, बाहेरून गेलात तर जहाज थांबत नाही. आज आम्ही पुन्हा तेच विचारलं. म्हणाली, थांबत नाहीच. पण या गाडीसाठी त्याला थांबावंच लागत नाही."

व्हर्निसने मान हलवली. सीटखालून डबा काढला, त्याला बांधलेला रुमाल पुन्हा एकदा घट्ट केला आणि लुएलाच्या हातात दिला.

"मी स्वतः देते तिला," लुएला म्हणाली. "फ्रीडाकडे दिला तर तीन वड्या कमी होतील."

"दोन," फ्रीडा म्हणाली. मग तिने व्हर्निसच्या गालाला आपला गाल लावला. गंधकाचा वास दोघींनाही येत होता.

दोघी फाटकातून आत गेल्यावर व्हर्निसने झाडाला टेकवलेला फळा उचलला. रोज सकाळी ती त्यावर खडूने लिहायची: कुठे जाणार, कधी परतणार. तिच्या अक्षराच्या जागी आज नेरिसाचं गोल अक्षर होतं. *परत: बेटाचे चार. जहाजाचे तीन.* आणि खाली कोपऱ्यात, लोकांसाठी नसलेलं, बारीक: *२३ मार्च. बेटाचा एक. जहाजाचे बारा. दोन्ही लिहिलेत, आई.*

"चला," ती चौघांना म्हणाली. "बसा. पुढच्या सीटवर ज्याला गाडी लागते त्याने."

चारला पाच मिनिटं कमी असताना तिने त्यांना फाटकापाशी सोडलं. पाचला भोंगा झाला. दोर सुटले, जहाज तोंड फिरवून हळूहळू बाहेर निघालं. वरच्या कठड्याशी शेकडो हात हलत होते. त्यात ती नसणार, तिला टेबल सोडता येत नाही. तरी व्हर्निसने हात हलवला. आधी एक, मग दोन्ही.

गाडीवाले एकेक करून निघाले. हेस्केथने स्टूल मिटलं, काखेत मारलं आणि जाता जाता तिच्यापाशी थांबला. ती समुद्राच्या भिंतीवर बसली होती. फळा मांडीवर होता. ओल्या फडक्याने तिने तो पुसला होता, एक कोपरा सोडून.

"जहाज गेलं, व्हर्निस," तो म्हणाला. "उजवं अजून काढलं नाहीस."

"असू दे."

"उद्याच्या जहाजाला?"

"उद्या बघू. आल्बनच्या भावाचं एक घड्याळ पडलंय घरी." तिने उजवं मनगट डोळ्यांजवळ नेलं. ऊन तिरपं झालं होतं, काचेवर चमकत होतं. तिने सावलीसाठी दुसरा हात वर धरला.

"किती वाजले?" हेस्केथने विचारलं.

"चार वाजून दहा," व्हर्निस म्हणाली. "डबा उघडला असेल."