दुसऱ्या कार्डाचं काय झालं

बुधवारी दुपारपर्यंत वहिनीने तो संगणक दोनदा उसवून दोनदा शिवला होता, आणि तरी तो मुकाच होता.

उसवणं हा तिच्या धंद्यातला शब्द. पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून ती गेली वीस वर्षं लोकांचे कपडे आतबाहेर करून देत होती. एखादी बाही बिघडली की बाहीशी भांडत बसायचं नाही, सगळा कपडाच उसवायचा, ही तिची रीत. संगणकालाही तिने तोच न्याय लावला होता. अडलं की सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून चढवायचं.

संगणक शेजारच्या दंतवैद्याने टाकून दिलेला. मेमरी एवढीशी, की नवं काही त्यात मावेना. म्हणून वहिनीने लिनक्स घेतलं, आणि तेही जुनं. नवं लिनक्स या यंत्राला पाहून नाक मुरडत होतं. त्या जुन्या लिनक्समध्ये पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक वाचक आयता मिळत होता. सगळा खटाटोप त्या वाचकासाठी होता, आणि वाचक हवा होता नणंदेला.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. घरात सगळे तिला ताई म्हणत. चाळीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेलेली बाई. दोन वर्षांपूर्वी तिच्या नजरेच्या मधोमध एक धुरकट ठिपका आला आणि वाढत वाढत वाटीएवढा झाला. कडेची दारं दिसत, माणसं दिसत. नेमकं जिथे बघावं तिथेच काही नसे. मागचं पुस्तक तिने भिंगावर निभावलं. आता भिंगही हरलं होतं. छापखान्याच्या मालकाला तिने यातलं काही सांगितलेलं नव्हतं. त्याने नव्या कादंबरीची फाइल धाडली होती आणि शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवा म्हणाला होता. सुटलेलं काम आपण होऊन परत दारात येत नाही, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं.

"फोन वाचतो की," नवरा पहिल्याच दिवशी म्हणाला होता. तो बसचा कंडक्टर. त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला सुटे तयार असत.

"वाचतो. पण सुटला की थांबत नाही, तुझ्या ड्रायव्हरसारखा," ताई म्हणाल्या. "थांबवायला बोट कुठे ठेवायचं ते दिसावं लागतं रे. मला बटणं हवीत."

बटणं त्यांच्या बोटांना पाठ होती. तेव्हा वहिनीने पदर खोचला.

सोमवारी पडदा काळा झाला. लिनक्सची चकती घातली, बोधचिन्ह आलं, आणि मग अमावास्या. वहिनी शब्दकोश मांडीवर घेऊन फोनवर लोकांच्या जुन्या चर्चा धुंडाळत बसली. एका माणसाने अगदी हीच तक्रार लिहिली होती. खाली चौघांनी चार उपाय सुचवले होते आणि शेवटी त्याने लिहिलं होतं, 'सुटलं, धन्यवाद.' कसं सुटलं ते सांगेल तर शपथ.

"याचं भलं होणार नाही," वहिनी म्हणाली.

"झालंय की त्याचं भलं, म्हणून तर गेला," ताई म्हणाल्या.

अखेर दुसऱ्या एका भल्या माणसाचं अकरा वर्षांपूर्वीचं टिपण सापडलं. सुरू होतानाच संगणकाला एक शब्द टाकून बजावायचं, की बाबा, चित्राच्या बाबतीत हुशारी करू नकोस. बजावलं. पडदा उजळला.

मंगळवार वायफायने खाल्ला. त्याला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, नेटवरून उतरवायचा, आणि नेट मिळायला आधी ड्रायव्हर हवा. "वेड गेल्याशिवाय लग्न नाही, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही," ताई खुर्चीतून म्हणाल्या. ते लग्न वहिनीने फोनची वायर लावून जुळवलं. फोनचं नेट संगणकाला दिलं आणि ड्रायव्हर उतरवून घेतला.

राहिला आवाज. वहिनीने दोन्ही स्पीकर दुसऱ्या यंत्राला लावून पाहिले, ठणठणीत होते. दिसेल ती आवाजाची पट्टी शंभरावर नेली. आवाजाचा ड्रायव्हर काढून परत घातला. संगणक म्हणे, वाचक चालू आहे, आवाज चालू आहे, तक्रार काहीच नाही.

"अजून मौन?" जेवायला आलेल्या नवऱ्याने विचारलं. "डबल बेल देऊन बघितलीस का?"

"तुम्ही जेवा," वहिनी म्हणाली. या दोन शब्दांत काय काय बसतं ते नवऱ्याला अनुभवाने माहीत होतं. तो जेवला आणि ड्यूटीवर गेला.

वहिनीने चकती पुन्हा हातात घेतली. "ताई, मी परत पहिल्यापासून चढवते."

"म्हणजे तिसऱ्यांदा उसवणार. कापड टिकेल का?"

"मग करू काय? शुक्रवार आला ना!"

"शुक्रवार माझा आहे, तू कशाला घाबरतेस? ठेव ती चकती. पडद्यावर काय लिहून येतं ते मला वाचून दाखव."

"तीन दिवस तेच करतेय की."

"तीन दिवस तू मला तुला महत्त्वाचं वाटलेलं सांगतेयस. सगळं वाच. आम्ही वाचायचो तसं."

ते वाचन वहिनीने ऐकून माहीत होतं. छापखान्यात एकजण मूळ प्रत मोठ्याने वाची आणि दुसरा छापलेल्या प्रतीवर बोट फिरवत ऐके. वाचणाऱ्याने स्वल्पविरामसुद्धा गाळायचा नाही आणि अर्थ लावायच्या फंदात पडायचं नाही. अर्थ लावला की डोळा पुढे पळतो, असं ताई म्हणत. स्वतः त्यांनी सहा वर्षं नुसतं वाचलं होतं, तेव्हा कुठे हातात लाल पेन मिळालं.

वहिनीने खुर्ची ओढली आणि आवाजाविषयी जे जे म्हणून संगणक सांगू शकत होता ते एकापाठोपाठ एक पडद्यावर आणलं.

"कार्ड शून्य, अपूर्णविराम, चौकटी कंसात काहीतरी..."

"काहीतरी नाही. आहे ते."

"एचडीएमआय. स्वल्पविराम. उपकरण तीन." वहिनीने सुस्कारा टाकला. "पुढची ओळ. कार्ड एक, अपूर्णविराम, अ‍ॅनालॉग, स्वल्पविराम, उपकरण शून्य."

असं पाऊण तास चाललं. ताई डोळे मिटून, मान किंचित डावीकडे कलती करून ऐकत होत्या. मधे एक गिऱ्हाईक पँटची उंची कमी करायला आलं आणि दारातूनच हे मंत्रपठण ऐकून उद्या येतो म्हणालं. वहिनीचा घसा सुकला. वाचकाच्या सेटिंगची यादी निघाली. आवाज जाण्याचं ठिकाण, कार्ड शून्य. पातळी शंभर, कार्ड शून्य.

"थांब," ताई म्हणाल्या. "मघाशी कार्डं दोन आली होती."

"हो."

"नंतर सगळा कारभार शून्यच करतोय. दुसऱ्या कार्डाचं काय झालं?"

"यादीत येतं हो असं काहीबाही."

"काहीबाही येत नसतं. पहिल्या पानावर दोन भाऊ आले आणि पुढे एकच नांदतोय, तर दुसरा कुठे गेला हे विचारायला नको? आणि हा शून्य आहे तरी कोण? मघाशी त्याचं आडनाव काय म्हणालीस?"

"एचडीएमआय," वहिनी म्हणाली.

ते नाव तिने कुठेतरी पाहिलं होतं. ती टेबलाखाली शिरली. यंत्राच्या पाठीमागे एका भोकावर तेच लिहिलेलं होतं. तिथून निघालेली जाड वायर बोटाने धरत धरत ती वर आली, ती थेट पडद्याच्या पाठीशी. पडदा दंतवैद्याचाच, साधा. त्याला स्पीकर नव्हते. आणि तिचे दोन ठणठणीत स्पीकर लावलेले होते पलीकडच्या हिरव्या भोकात, जिथे कार्ड एक बिचारं कुणी हाक मारील म्हणून वाट बघत बसलं होतं.

"अगं बाई! ताई, हा पहिल्यापासून बोलतोय. पण सगळं त्या पडद्याला सांगतोय, आणि पडद्याला तोंडच नाही!"

"आणि तू त्याला दोनदा उसवलंस."

"दोनदा," वहिनीने कबूल केलं.

दोन ओळींची एक फाइल लिहायची होती, की इथून पुढे बोलणं कार्ड एकमधून. ताईंनी त्या दोन ओळी तीनदा वाचून घेतल्या, मगच यंत्र बंद करून चालू करू दिलं.

सगळ्या पट्ट्या शंभरावर होत्या हे वहिनी विसरली होती. खोलीभर असा काही आवाज फुटला, की खिडकीतलं मांजर पसार झालं आणि शिलाई मशीनवरची रिळं घरंगळली. चोंदलेल्या नाकाने कुणी फौजदार दरडावत होता, की पडदावाचक सुरू झाला आहे.

"हा कोण मेला?" ताई ओरडल्या. मग त्यांनी हात पुढे केला, बटणं चाचपली, आवाज आपल्या बोटांनी खाली आणला. परत वर नेला. परत खाली. वहिनी रिळं गोळा करत राहिली; ती सगळी सापडल्यावरही काही वेळ खालीच बघत राहिली.

कादंबरी उघडली. फौजदाराने पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्या पानावर ताईंनी त्याला थांबवलं, मागे नेलं, एकच शब्द चार वेळा म्हणायला लावला. त्यांचे खांदे पडले.

"काय झालं?"

"याला ऱ्हस्व-दीर्घ एकच आहे. दोन्ही सारखंच म्हणतो. छापलंय काय ते कळायचा मार्ग नाही."

"अक्षर अक्षर सोडवून घ्या ना त्याच्याकडून. तशी सोय आहे, मी वाचलंय."

"तीनशे पानं? पुस्तक निघेपर्यंत लेखक म्हातारा होईल."

"मग ऱ्हस्व-दीर्घ मी बघते."

"तू? पावतीवर 'इस्त्री' चार वेळा लिहितेस ती चार प्रकारे."

वहिनीला हसू आलं, पण ताई हसल्या नाहीत. त्यांनी फौजदाराला परत पहिल्या पानावर नेलं. मग म्हणाल्या, "जा, तुझी कामं कर. गोष्ट काय आहे ती तरी ऐकते."

बुधवारची संध्याकाळ आणि गुरुवारचा दिवस पुढच्या खोलीत मशीन चाललं आणि मागच्या खोलीत फौजदार. मधूनच तो थांबे, दहा ओळी मागे जाई, तेच पुन्हा म्हणे. ताईंनी दोनदा हाक मारून वहीत पानांचे आकडे लिहून घ्यायला सांगितले. कशाचे ते सांगितलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी वहिनीकडून छापखान्याच्या मालकाचा नंबर लावून घेतला आणि फोन कानाला धरला. वहिनी टाचण्यांची डबी घेऊन उंबऱ्यातच थांबली.

"मी बोलतेय. आधी ऐकून घ्या. माझे डोळे गेलेत. मधोमधचे गेलेत, म्हणजे कामाचे गेले... नाही, मागचं पुस्तक तपासलं तेव्हा होते थोडे. तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ आता माझ्याकडून होणार नाही, ते दुसऱ्या कुणाला द्या."

ताईंनी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"हो, फाइल ऐकली. सगळी... आहे एकजण, वाचून दाखवतो, फार उर्मट आहे, पण गाळत नाही. तर तुमच्या त्या मामाचं काय करायचं? अहो, तिसऱ्या प्रकरणात त्याला वारलेला दाखवलाय आणि सातव्यात तो ओसरीवर बसून चहा मागतोय. अशी अकरा ठिकाणं आहेत, पानांसकट लिहून ठेवलीयत." त्यांनी ऐकलं, आणि मोकळा हात कंबरेवर ठेवला. "ते मी कसं ठरवणार? मामा जगवायचा की चहा रद्द करायचा, हे लेखकाला विचारा आणि मला कळवा. मी तोवर दुसऱ्यांदा ऐकायला घेते."