साडेचारशे वॉट

सगळी गल्ली त्यांना रेडिओवाले म्हणायची, आणि त्यांनाही ते आवडायचं. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस! सकाळी सुनेचा कॉम्प्युटर फट्कन आवाज करून बंद पडला तेव्हा ते वर्तमानपत्र टाकून धावत आले आणि नुसतं हुंगून म्हणाले, "पॉवर सप्लाय गेला, वीज पुरवणारा डबा. दुसरं काही नाही."

सून घरांचे, इमारतींचे नकाशे काढायची. दोन वर्षं घरी बसल्यावर हातात आलेलं हे पहिलं काम. शाळेच्या जिन्याचा नकाशा आज पाचपर्यंत पाठवायचा होता, नाहीतर इंजिनियर काम दुसऱ्या कुणाला देणार. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, उद्या येतो. सुनेचे डोळे भरून आले.

"रडतेस काय वेड्यासारखी? मी बसवतो!" रेडिओवाले बोलून बसले. आता बोलून बसले खरे, पण कॉम्प्युटरचं पोट त्यांनी जन्मात उघडलेलं नव्हतं.

दोघं तडक बाजारात गेली. दुकानदाराने एकाच किमतीचे दोन पॉवर सप्लाय पुढ्यात ठेवले. एक साडेसातशे वॉटचा, रंगीत दिवे, नुसता थाट. दुसरा साधा, साडेचारशेचा, तीन वर्षांची वॉरंटी.

"माझ्या मशीनला तीनशेसुद्धा पुरतात," सून म्हणाली.

"तेवढ्याच पैशांत मोठा मिळतोय की, ताई."

रेडिओवाल्यांनी दोन्ही हातांवर घेऊन तोलून पाहिले. "साडेसातशेवाला याच्यापेक्षा हलका? आत तांबं भरलंय की हवा?" दुकानदार ओशाळून हसला. त्यांनी साधा उचलला.

नवा भाग आधी टेबलावर चालवून बघायचा, मगच बसवायचा, ही रेडिओवाल्यांची जुनी शिस्त. घरी येताच त्यांनी वायर जोडली, बटण दाबलं. त्याच्या आतला पंखा हलेना. दुसऱ्या प्लगात लावून पाहिलं. ढिम्म! तोवर दोन वाजून गेले होते.

"मेलेला निघाला गं," ते मटकन खुर्चीत बसले. "मीच निवडला. माझ्या नादी लागून तुझं काम गेलं." त्यांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुनेने दुकानात फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून दुकानदार खो खो हसला. "अहो ताई, तो एकटा चालत नसतो! मदरबोर्डाने, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाने मागितल्याशिवाय वीज देत नाही. आधी बसवा तर!"

"ऐकलंत? उठा बाबा."

"आणि तुझं बाकीचं मशीनही जळलं तर? नको, मला भीती वाटते."

"मलाही वाटते. पण नुसतं बसून राहिलो तर काम जाणारच आहे. उठा."

मग दोघं कामाला लागली. मेन स्विच बंद, वायर बाहेर. रेडिओवाले प्लग काढत, प्रत्येक प्लगआधी सून फोटो घेई. जुना निघाला, नवा सरकला, चार स्क्रू आवळले. मदरबोर्डाचा रुंद प्लग मात्र हट्टाला पेटला. दाबला की बोर्ड वाकायचा.

"बाबा, हळू!"

"हळू काय? बसायला तर हवा!"

खट् झालं आणि प्लग बसला. मग कोपऱ्यातला छोटा प्लग. सुनेने डोळे मिटून बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन उजळली, आणि जिना होता तसा समोर आला.

पाचला दहा मिनिटं असताना नकाशा गेला. लगेच इंजिनियरचा फोन आला. "मिळाला. छान झालाय. वरच्या मजल्याचा कधी देता?"

"परवा!" सून म्हणाली, आणि फोन ठेवून तिने सासऱ्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. जळक्या पॉवर सप्लायकडे बोट दाखवत रेडिओवाले म्हणाले, "तो जुना टाकू नकोस हं. आत वीज साठलेली असते, दोन-तीन दिवस तसाच राहू दे. मग उघडतो. का जळला ते कळायला हवं."

"उघडाल तेव्हा मला बोलवा. मलाही शिकायचंय."

इतकी वर्षं त्यांनी रेडिओ उघडले, पण हे वाक्य घरातल्या कुणी कधी म्हटलं नव्हतं. रेडिओवाले डोळे पुसत म्हणाले, "वही घेऊन बस. मी एकदाच सांगतो."