शिमग्याला लावलेला पिक्चर

हा पिक्चर नको, असं मी सुनीलला महाडमध्येच सांगितलं होतं.

दर शिमग्याला आमच्या वाडीचं मुंबई मंडळ देवळापुढे पडदा बांधून एक पिक्चर दाखवतं. वाडी उमरठच्या वर, डोंगराच्या अंगाला. एरवी तिथे म्हातारी माणसं आणि गुरं. शिमग्याला मात्र मुंबईकर झाडून सगळे येतात. यंदा माझा नवरा सुनील मंडळाचा सेक्रेटरी, म्हणून पिक्चर निवडायचं काम त्याच्याकडे. त्याने निवडला कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलचा. कायम हरणारी टीम, चिडका कोच, मुलीशी अबोला धरलेला बाप, आणि शेवटी कप.

"आपली सेजल काय खेळते ते लोकांना कळू दे ना," तो म्हणाला. "माणसांची मनं बदलतात गं अशाने."

सेजल माझी नणंद. महाडला कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या भाड्याच्या खोलीत माझ्याजवळ राहते. सुनील मुंबईला कामाला, रविवारचा येतो. संध्याकाळी लेकीला कडेवर घेऊन मी मैदानावर जाते, कारण अंधारातून सेजल एकटी परत येणार या विचाराने माझं घरात लक्ष लागत नाही. लेकीला बॉल लागेल म्हणून मी लांब, भिंतीला टेकून उभी राहते. तिथूनच हा खेळ मला कळायला लागला. सेजल उंच नाही. पण समोरची मुलगी कुठे वळणार हे तिला त्या मुलीच्या आधी समजतं.

यंदा तिला राज्याच्या संघाच्या निवड शिबिराला बोलावलं. पुण्याला. वयाची अट बघता हे पहिलं आणि शेवटचंच बोलावणं. आणि हजर व्हायचा दिवस नेमका पालखीचा.

पालखी दारात येते त्या दिवशी घरातल्या कुणी वाडीबाहेर जायचं नाही, असा गावकीचा नियम आहे. त्यात यंदा पालखीचा पहिला मान आमच्या घराचा. मी सासूबाईंना चुलीपाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत राहिल्या.

"पहाटंच जाऊ दे तिला," भाकरी तव्यावर टाकत म्हणाल्या. "साहिलची रिक्षा हाय, पोलादपुरात सोडंल. पर मला काय सांगू नको गो. मी काय ऐकलं नाय."

सासरे दाराशीच उभे होते. खाकरले आणि गोठ्याकडे निघून गेले. म्हणजे झालं. आमच्याकडे परवानगी अशीच मिळते. पालखीच्या गर्दीत एक पोरगी दिसली नाही तर कुणी मोजायला बसत नाही. माहीत असलं तरी माहीत नसल्यासारखं करतात. वाडीतलाच साहिल पहाटे रिक्षा घेऊन येणार होता. पोलादपूरहून एसटीने आंबेनळी घाट चढून, वाईवरून पुणे. सेजलची बॅग मी माझ्या साड्यांखाली ठेवली होती.

पालखीच्या आदल्या रात्री पिक्चर सुरू झाला. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. नायिका बॉल हातात धरून पळत सुटली तशी सेजल माझ्या कानाशी कुजबुजली. "वहिनी, किती पावलं टाकली बघा! खऱ्या मॅचमध्ये रेफ्रीने शिट्टी मारून बॉल काढून घेतला असता."

"गप. ती हिरोइन आहे."

"मग काय, हिरोइनला रूल नसतात?"

आम्ही दोघी हसलो. ती तेवढी हसली, मला बरं वाटलं.

शेवटी पडद्यावरचा बाप मॅच बघायला येतो. मुलगी शेवटचा बास्केट टाकते आणि बाप उभा राहून रडतो. आमची वाडी रडली. गावकीचे मुरारीकाकासुद्धा टॉवेलने डोळे पुसत होते. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि सुनीलने माइक हातात घेतला.

त्याचे डोळे लाल झाले होते. तो आता काय बोलणार ते मला लगेच कळलं. मी हात हलवला. त्याने पाहिलं नाही.

"मंडळी, ही पडद्यावरची पोरगी खोटी..."

"अहो," मी मोठ्याने म्हटलं, "हिला झोप येतेय, जरा या इकडे."

चारचौघांत मी त्याला अहोजाहो करते, पण बायकांमधून पुरुषांकडे असा आवाज कुणी टाकत नाही. माना वळल्या. सुनील नुसता हसला. तेव्हा मी लेकीच्या मांडीला चिमटा काढला. ती किंचाळली.

"बघा, माझी लेकपण ओरडून तेच सांगतेय!" सुनील म्हणाला. लोक हसले. "खरी हिरोइन इथं बसलीय. आपली सेजल उद्या पहाटे पुण्याला चाललीय, राज्याच्या टीमच्या सिलेक्शनला! सगळ्यांनी आशीर्वाद द्या!"

टाळ्या सुरू झाल्या आणि मधेच विरल्या.

"उद्या?" रामा उठला. त्याचं घर आमच्या खालच्या अंगाला. "उद्या तर पालखी."



"गेल्या साली माझ्या अक्षदाची नर्सिंगची मुलाखत होती. पालखीच्याच दिवशी. मी इथंच उभा राहून विचारलं व्हतं. तुम्हीच नियम सांगितलात. आता नियम बदलला काय रे सुनील? तू सेक्रेटरी ना? सांग की."

अक्षदा आमच्या पुढेच बसली होती. तिने मान वर केली नाही.

"रामाचं चुकीचं नाय," मुरारीकाका म्हणाले. "पोरीनं खेळावं. खुशाल खेळावं. आता बघितलं ना आपण, डोळं भरून आलं. पर उद्या मान तुमच्या घरचा हाय. परवा पाठव."

"परवा घेणार नाहीत, काका," सुनील म्हणाला.

"मग पालखी तुमच्या दारावरनं पुढं जाईल. बघ बाबा. आमच्या कानावर नसतं आलं तर गोष्ट येगळी."

ज्या दारावरून पालखी पुढे जाते, त्या दारात लग्नाला कुणी येत नाही आणि मयतालाही येत नाही. हे बोलून दाखवायची गरज नव्हती. सासरे उठले.

"नाय जाणार ती," म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

सुनील माइक धरून तसाच उभा होता. खाली उतरल्यावर माझ्याकडे आला. "मला वाटलं... सगळे रडत होते गं."

लेकीच्या मांडीवर लाल वळ उठला होता. मी त्यावर हात फिरवत राहिले. सेजलने पडदा सोडायला पोरांना मदत केली, दोऱ्या गुंडाळून दिल्या. मग घरी जाऊन माझ्या साड्यांखालची बॅग काढली, रिकामी केली आणि साड्यांची घडी पहिल्यासारखी लावून ठेवली.

सकाळी पालखी आली. ढोल इतके जवळ वाजत होते की लेक माझ्या मानेत तोंड खुपसून बसली. सेजलने नवी साडी नेसून ओवाळलं. मुरारीकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "गुणाची पोर," म्हणाले. मग मंडळाने चांगला पिक्चर दाखवल्याबद्दल सुनीलला शाल आणि नारळ दिला. मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकायचा म्हणून सेजललाही त्याच्या शेजारी उभं केलं. ती उभी राहिली. हस म्हणाले, तर हसली.

दुपारी तिच्या कोचचा, सुहास सरांचा फोन आला. सेजलने नाव पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"निघाली ना ती? तिकडून विचारतायत."

"सर, तिला ताप आलाय," मी म्हटलं. "खूप आहे. उठवतच नाही."



"या भागात मुलींना ऐनवेळी तापच येतो हो," ते म्हणाले. रागाने नाही. दमल्यासारखे. "ठीक आहे. पुढच्या मुलीला कळवतो मी."

सेजल पालखीतल्या फुलांचा कचरा अंगणातून लोटत होती. झाडू न थांबवता तिने विचारलं, "काय म्हणाले?"

"काळजी घ्यायला सांगितली."

"बरं," ती म्हणाली आणि केर सुपलीत भरायला वाकली.