बाबिलोनचे सिंहासन, मुक्काम वाचनालय

मी बाबिलोनचे सिंहासन आहे! युफ्रेटिस नदीच्या काठी, निळ्या विटांच्या वेशीआड बसून मी अर्ध्या जगावर हुकूम चालवला. माझ्यासमोर राजे रडले, आणि माझ्या डोळ्यांदेखत ते महान नगर पडले.

हे सारे गेल्या फेब्रुवारीत, संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळात झाले. एरवी मी अनसिंगजवळच्या एका गावातील वाचनालयाची जुनी अध्यक्षीय खुर्ची आहे.

मित्रांनो, माझा जन्म वाशीमच्या एका सुताराकडे झाला. लाकूड सागाचे, बैठक विणलेल्या वेताची. हातांच्या टोकांना सिंह कोरावेत अशी वाचनालयाच्या संस्थापकांची इच्छा होती. सुताराने सिंह पाहिला नव्हता, मांजर पाहिले होते. त्यामुळे माझ्या दोन्ही हातांवर दोन मांजरे बसली आहेत. उजवे जरा रागीट आहे, त्याला मी सिंह धरते.

संस्थापकांनी एक रीत घालून दिली. दरवर्षी फेब्रुवारीत, वर्धापनदिनी, सगळे सभासद जमायचे. अध्यक्षांनी माझ्या पाठीवरचा टॉवेल काढायचा आणि माझ्यावर बसायचे. ते बसले की वार्षिक सभा सुरू. घंटा नाही, भाषण नाही. इतर कोणी मात्र माझ्यावर कधीच बसायचे नाही. त्या काळी माझा मान मोठा होता. लोक चपला बाहेर काढून माझ्याकडे बघायला येत आणि मग आलोच आहोत तर एखादे पुस्तकही नेत.

पुढे भिवाजीराव अध्यक्ष झाले. माणूस उमदा. नंतर ते अकोल्याला राहायला गेले आणि तिथली हवा त्यांना इतकी मानवली, की दहा वर्षे ते सभेला आले नाहीत. अध्यक्षपद मात्र त्यांनी सोबत नेले. कारभार त्यांचा मुलगा बबलू पाहू लागला. त्याने वाचनालयात सोयाबीनची पोती ठेवायला सुरुवात केली. आधी कोपऱ्यात, मग टेबलावर, मग माझ्यावर. इतर कोणी बसू नये असा नियम होता, पण पोते म्हणजे कोणी नव्हे, असा बबलूने त्याचा अर्थ लावला. दोन वर्षे माझ्यावर पोते बसले होते. कारभारात फरक पडला नाही. माझ्या बैठकीचा वेत मात्र मधोमध तुटला.

गावात रत्नमालाताई नावाच्या इतिहासाच्या शिक्षिका आहेत. एके दिवशी त्या बबलूला गाठून म्हणाल्या, "बबलू, पोरं वऱ्हांड्यात उभ्यानं वाचून राह्यले रे."

"चांगलंच हाये न मॅडम. उभ्यानं वाचलं का झोप नाई येत."

"सभा बोलाव तू."

"अध्यक्ष खुर्चीवर बसल्याबिगर सभा कशी होईन? तुमीच सांगा."

"मंग त्याइले बोलाव."

"बाबाले टाइम नाई. आन होळी झाली का मी हे कपाटं अन हे खुर्ची भंगारवाल्याले देऊन राह्यलो. पूर्ण हॉलच मोकळा होते मंग."

हे तो माझ्यासमोर म्हणाला. खुर्चीला कान नसतात असे लोक समजतात. मित्रांनो, त्याच क्षणी मी ठरवले, की आपण भंगारात जायचे नाही. खुर्चीने ठरवून काय होते, असे तुम्ही विचाराल. पण खुर्ची एक गोष्ट फार चांगली करू शकते. ती जागची हलत नाही.

रत्नमालाताईंनीही काही ठरवले होते. त्या वेळी वर्गात त्यांचा बाबिलोनचा धडा चालू होता. थोर राजा नेबुखद्नेझर गेला आणि सहा वर्षांत तिथे तीन राजे झाले. एकाला मेव्हण्याने मारून गादी घेतली, त्या मेव्हण्यामागून आलेला त्याचा पोरगा काही महिनेच टिकला. मग नबोनिदस आला. तो चंद्रदेवाचा भक्त. नगर सोडून तो वाळवंटातल्या तायमा गावी दहा वर्षे जाऊन राहिला आणि कारभार मुलाकडे, बेलशाझरकडे दिला. तिथे दरवर्षी नववर्षाचा मोठा उत्सव असे, पण राजा हजर नसला की तो होत नसे. दहा वर्षे उत्सव झाला नाही. धडा इथवर आला आणि ताईंच्या हातातला खडू थांबला.

त्यांनी नाटक लिहिले आणि अकोल्याला फोन केला. "भाऊ, वर्धापनदिनाले नाटक हाये. राजाचं काम तुमच्याबिगर कोन करीन?"

भिवाजीराव तरुणपणी नाटकात राजे करत. सभेला दहा वर्षे न आलेला माणूस दर रविवारी तालमीला येऊ लागला. तालमीत ताईंनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवले. "सिंव्हासन आयत्या दिवशी," एवढेच त्या म्हणाल्या. बबलूला बेलशाझर दिला. दाढी मिळणार म्हणून तो खूश होता. नगराच्या तटासाठी त्याने आपली पोतीही वापरू दिली. हलवायची नाहीत, या अटीवर. पोत्यांवर निळा कागद चिकटवला आणि बाबिलोन उभे राहिले.

अडचण एकच होती. त्या उत्सवात अशी चाल होती, की मुख्य पुजाऱ्याने राजाचा मुकुट उतरवायचा, त्याच्या गालावर चपराक मारायची, कान धरायचे आणि त्याच्याकडून वदवून घ्यायचे की मी माझे नगर टाकून दिले नाही. मग पुन्हा एक चपराक. राजाच्या डोळ्यांत पाणी आले, तर देव प्रसन्न. हे वाचल्यावर पुजाऱ्याचे काम करायला गावातला एकही पुरुष तयार होईना. अध्यक्षांना मारायचे कोणी?

तेव्हा कस्तुराबाई पुढे आल्या. त्या भिवाजीरावांच्या आत्या.

"थे काम मले द्या," त्या म्हणाल्या. "लहानपनी बी मीच मारत होती त्याले."

वर्धापनदिन आला. सगळे सभासद समोर सतरंजीवर बसले. माझ्यावरचे पोते निघाले आणि टॉवेल पुन्हा पाठीवर आला. भिवाजीराव कागदी मुकुट घालून आले. त्यांनी टॉवेल काढला आणि दहा वर्षांनी ते माझ्यावर बसले. तुटक्या वेतातून थोडे खालीही गेले. पण मी घट्ट धरून ठेवले.

कस्तुराबाईंनी मुकुट उतरवला आणि चपराक दिली. तालमीतली नव्हे. मागच्या रांगेपर्यंत आवाज गेला.

"बोल राजा!"

भिवाजीराव छाती काढून म्हणाले, "मी माझे नगर सोडून..." आणि थांबले. समोर सगळे गाव होते.

"बोला न भाऊ!" सतरंजीवरून कोणीतरी ओरडले. "का अकोल्याले होते तुमी?"

हशा झाला. रत्नमालाताई पडद्याआडून वाक्य सांगत होत्या, "सोडून गेलो नाही, सोडून गेलो नाही." भिवाजीराव कपाटांकडे पाहत होते. पोत्यांच्या फटीतून पुस्तकांचे कणे दिसत होते. त्यांतली कितीतरी त्यांनीच लहानपणी वाचलेली. दुसरी चपराक बसली. ही हळू होती.

"नाई म्हनता येत, आत्या," ते म्हणाले. "गेलतो मी. सोडूनच गेलतो."

एक थेंब माझ्या डाव्या मांजरावर पडला. देव प्रसन्न झाला असावा. कस्तुराबाईंचे मात्र अजून संपले नव्हते.

"भिवा, टावेल तूनंच काढला न?"

"हो."

"खुर्चीवर बसला न? सारे सभासद समोर हायेत न?"

"हायेत."

"मंग सभा सुरू झाली."

विंगेतून बबलू दाढीसकट धावत आला. "ओ आजी, हे नाटक हाये!"

"नाटक असू दे. खुर्ची तेच हाये न?"

बबलूने वडिलांकडे पाहिले. "बाबा, सांगा न इले."

"आत्या बराबर सांगते," भिवाजीराव गाल चोळत म्हणाले. "आपलीच रीत हाये ते. बसलो म्हंजे बसलो." मग ते उठले. "पन मले अकोल्याहून हे काम नाई होत. दुसरं कोनी पाहा."

इतक्यात इराणचा राजा सायरस सैन्यासह दारात आला. नाटकात त्याची वेळच ती होती. सायरसचे काम एसटीत कंडक्टर असलेल्या रूपाकडे होते. तिने शिट्टी वाजवली आणि दारात अडलेल्या सैन्याला म्हणाली, "पुढं सरका, पुढं सरका, आत जागा हाये!"

"हे पाहा," कस्तुराबाई म्हणाल्या. "अध्यक्षाचं काम हे रूपा करीन नीट. कोनाकोनाले मंजूर हाये?"

सगळे हात वर झाले. बबलूचाही एक हात वर होता. तो सुटलेली दाढी धरण्यासाठी होता, पण मोजला गेला.

खऱ्या बाबिलोनमध्ये सायरसचे सैन्य लढाई न होता आत शिरले आणि तट जागेवर राहिले. आमच्याकडे लढाई झाली नाही, पण तट मात्र पडला. नव्या अध्यक्षांच्या पहिल्याच हुकमाने इराणी सैन्याने एकेक पोते खांद्यावर घेतले आणि बबलूच्या घरापर्यंत पोचवले. सर्वांत पुढे भिवाजीराव होते, राजाच्या झग्यात. निळा कागद फाटत गेला आणि मागून कपाटे दिसू लागली. टाळ्या वाजत होत्या. नाटक कुठे संपले ते कोणालाच कळले नाही.

आता मी खिडकीपाशी असते. माझी बैठक नव्या वेताने विणली आहे. रूपाताईंनी जुन्या रीतीत थोडा बदल केला. सभेच्या दिवशी अध्यक्षांनी बसायचे आणि एरवी हातात पुस्तक असेल त्याने.

मित्रांनो, बाबिलोन शत्रूमुळे पडले असे तुम्ही कुठे लिहिलेले वाचाल. माझे मत वेगळे आहे. राजाची जागा दहा वर्षे रिकामी होती. जी जागा आपली आहे, तिच्यावर येऊन बसावे लागते. नाहीतर तिच्यावर कोणीतरी पोते ठेवतो. म्हणून तुम्ही या. चपला बाहेर काढा, पुस्तक घ्या, खुशाल माझ्यावर बसा. मी हलणार नाही, हा एका सिंहासनाचा शब्द आहे.

फक्त बसण्याआधी मागच्या खिशातल्या किल्ल्या तेवढ्या काढून ठेवा. वेत नवा आहे.