बत्तिसाव्याची सुट्टी

उपबाईंना त्या वर्षात मिळण्यासारखं बरंच होतं. मुख्याध्यापक उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे होते. म्हणजे हात असलेली खुर्ची, मैदानाकडे खिडकी असलेली खोली, दारावरची पितळी पाटी, आणि या सगळ्याहून मोलाचं म्हणजे हुद्द्याला चिकटलेलं ते 'उप' एकदाचं गळून पडणं. अकरा वर्षं त्या उपमुख्याध्यापिका होत्या. शाळेत त्यांना उपबाईच म्हणत. धाकट्या बहिणीची मुलं त्यांना तोंडावर उपमावशी म्हणायची, आणि त्यावर हसावं लागायचं.

आड येणारे एकच होते, गणिताचे मास्तर. नोकरीला दोन वर्षं कमी, पण ओळखी दुप्पट. ते काही करत नव्हते. उपबाईंचा पाय कधी घसरतो याची नुसती वाट बघत होते.

पाय घसरण्याची जागाही ठरलेली होती. शाळा सरकारी, सगळ्या प्रकारच्या घरांतली मुलं एका छपराखाली. आधीचा शिरस्ता असा की ज्यांची डोकी जास्त त्यांच्या सणाला शाळा बंद, आणि ज्यांची डोकी कमी त्यांच्या सणाला चाचणी परीक्षा. त्या थोड्या घरांतली मुलं मग नेमकी सणालाच आजारी पडायची आणि दुसऱ्या दिवशी नवे कपडे घालून बरी होऊन यायची. शेवटी कुणीतरी शिक्षणखात्याकडे तक्रार केली. खात्याने कळवलं की वर्ष संपण्याआधी पथक येईल, सणांच्या सुट्ट्या न्यायाने दिल्या जातात का ते पाहील, आणि पुढचा मुख्याध्यापक नेमताना त्या पथकाचा शेरा विचारात घेतला जाईल.

उपबाई डोक्याने तल्लख. त्यांनी कार्यालयाच्या दाराशी पत्र्याची पेटी ठेवली. ज्या घराला आपला दिवस हवा त्याने चिठ्ठी टाकायची: तुकडी, पटावरचा क्रमांक, तारीख. बस. धर्म लिहायचा नाही, सणाचं नाव लिहायचं नाही, आणि शाळेतल्या कुणीही कारण विचारायचं नाही. त्या तारखेला त्या तुकडीत परीक्षा नाही, नवा धडा नाही, आणि ते मूल आलं नाही तर हजेरीपटावर फुलीऐवजी गोल. हे 'विचारायचं नाही' उपबाईंना फार आवडायचं. शिक्षकांच्या सभेत त्या ते अशा थाटात सांगत की जणू गुरुत्वाकर्षणाचा शोध त्यांनीच लावला.

आठ महिने पेटी बिनबोभाट चालली. मग एक चिठ्ठी निघाली. राखाडी कागद, पेन्सिलीची अक्षरं, फार दाबून लिहिलेली. पाचवी ब. क्रमांक बत्तीस. सोळा तारीख.

शाळेचा कारकून तीस वर्षं मुरलेला. सगळे त्याला भाऊ म्हणत. त्याने चिठ्ठी उलटसुलट केली आणि सांगितलं की पाचवी ब च्या पटावर एकतीसच मुलं आहेत.

कुणाचा तरी आकडा चुकला असणार हे उपबाईंनाही दिसत होतं. पण कुणाचा, हे शोधायचं तर वर्गात जाऊन विचारायला हवं, आणि एकदा विचारलं की गणिताच्या मास्तरांच्या तोंडी आयता घास. चिठ्ठी फाडली आणि ती खरी निघाली, तर तक्रार. घालून टाका, म्हणाल्या. भाऊने हजेरीपटावर एकतीसच्या खाली एक ओळ आखली, बत्तीस लिहिलं, नावाची जागा कोरी ठेवली आणि सोळा तारखेच्या चौकटीत गोल काढला. सगळ्या शाळेत ही चूक करू शकणारी माणसं दोनच होती, आणि दोघांनी मिळून ती फार सुबक अक्षरात केली.

पुढच्या आठवड्यात पाचवी ब ची वर्गशिक्षिका आली. पहिल्याच वर्षाची नोकरी, अजून वर्गाकडे पाठ करायला भिणारी मुलगी. चेहरा पांढराफटक. तिचं म्हणणं असं की कागद पुरत नाहीत. मोजून एकतीस कागद नेते, वाटते, प्रत्येकाच्या पुढ्यात कागद दिसतो, तरी मागच्या बाजूने आवाज येतो की मला मिळाला नाही. हजेरी घेते तेव्हा एकतीस नावं, एकतीस हजर. डोकी मोजते तेव्हा बत्तीस. आणि त्यांतलं एकही डोकं अनोळखी नसतं.

"फक्त सोळा तारखेला बरोबर एकतीस भरली," ती म्हणाली. "त्या दिवशी वर्ग किती हलका वाटला, बाई."

उपबाई तिला पुरेशी झोप घ्यायला सांगून स्वतः निघाल्या. तिसरा तास होता, वर्गात लख्ख ऊन पडलेलं, खिडकीच्या गजांच्या सावल्या बाकांवर. त्यांनी सगळ्यांना उभं केलं. एकेकाने आकडा म्हणायचा आणि खाली बसायचं. एक. दोन. तीन. बाकांच्या फळ्या वाजत गेल्या. एकतीस म्हणून शेवटच्या बाकावरचा जाडा मुलगा बसला. आता वर्गात उपबाई सोडून कुणीही उभं नव्हतं.

"बत्तीस," कुणीतरी म्हणालं.

आवाज मुलाचाच. आज्ञाधारक, थोडा घाईचा, आपली पाळी चुकू नये म्हणून म्हटल्यासारखा. मग एका बाकाची फळी वाजली. कुठल्या, ते सांगता येईना. कुणी हसलं नाही, की कुणी मागे वळून पाहिलं नाही. मुलांना त्यात नवीन काही दिसत नव्हतं, आणि उपबाई घाईने वर्गाबाहेर पडल्या त्या नेमक्या त्यामुळे.

पण बाई व्यवहारी. जिना उतरता उतरता त्यांनी हिशेब जुळवला. हे जे काय आहे ते मागतं काय? महिन्यातला एक दिवस. कारण पुढच्या महिन्यासाठीही चिठ्ठी येऊन पडली होती, तीच पेन्सिल, तीच सोळा तारीख. दिला दिवस की गप्प बसतं. मारत नाही, तोडत नाही, तक्रार करत नाही. पालकसभेत यापेक्षा त्रासदायक बत्तीसजण बसतात. त्यांनी वर्गशिक्षिकेला एक कागद जास्त न्यायला सांगितलं आणि विषय मिटवला.

मग पथकाची तारीख आली. सोळा.

पथक सातवी अ ची परीक्षा घेणार होतं. पण त्याच तारखेला सातवी अ मधल्या तेरा मुलांच्या चिठ्ठ्या होत्या, आणि त्या तेरांपैकी एक वकीलकाकांचा नातू. वकीलकाका पालकसंघाचे अध्यक्ष. तक्रार कशी लिहावी हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. उपबाईंनी खात्याला नम्रपणे कळवलं की शाळेच्या नियमाप्रमाणे सातवी अ ची त्या दिवशी परीक्षा घेता येणार नाही. खातं प्रसन्न झालं. उत्तर आलं, मग पाचवी ब ची घेऊ.

पाचवी ब मध्ये त्या तारखेला चिठ्ठी एकच होती.

उपबाईंनी ती समोर घेतली. लाल पेनाचं टोपण काढलं. भाऊ हळूच म्हणाला की बाई, नियम.

"नियम तक्रार करणाऱ्यांसाठी असतो, भाऊ. याची तक्रार कोण आणणार? याचा बाप वकील आहे?"

"बाप कोण आहे, हे आपण कुणालाच विचारत नव्हतो," भाऊ म्हणाला. एवढंच म्हणाला. बाकी तो कारकून होता.

उपबाईंनी चिठ्ठीवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, नामंजूर. कागद इतका दाबून लिहिलेला होता की पेनाचं टोक अक्षरांच्या चरांतून अडखळत गेलं.

सोळा तारखेला पथक आलं. तिघेजण, त्यांतले प्रमुख वयाने मोठे, गोड बोलणारे, मुलांच्या डोक्यावर हात ठेवायची सवय असलेले. त्यांनी स्वतः हजेरी घेतली. एकतीस नावं संपली. मग त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, हा बत्तीस कोण, नाव का नाही?

"हजर," उत्तर आलं.

प्रमुखांनी डोकी मोजली. बत्तीस. पट बत्तीस, डोकी बत्तीस. नवीन प्रवेश आहे, कागदपत्रं यायची आहेत, उपबाई म्हणाल्या. प्रमुखांनी मान डोलावली. आकडे जुळले की अशा माणसांना नावाची फारशी गरज पडत नाही.

परीक्षा झाली. मग पेटीची गोष्ट निघाली. प्रमुख फार खूश झाले, आणि मुलांकडूनच ऐकावं म्हणून त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला उभं केलं. पटावर क्रमांक एकोणीस. आई शिवणकाम करायची. दोन घट्ट वेण्या, गणवेशाची शिवण सगळ्या वर्गात सरळ. बाळ, तुझा दिवस कुठला?

आमच्याकडे कुठलाच नसतो, मुलगी म्हणाली. आईबाबा कुठलंच काही पाळत नाहीत. तिने कधी चिठ्ठी टाकली नव्हती, तिच्यापुढे वर्षभरात एकही गोल नव्हता. सगळ्यांना असतो, मला नसतो, हे तिने रडत सांगितलं नाही. पाऊस नाही, असं सांगावं तसं सांगितलं. पण उपबाईंच्या लक्षात आलं की आपल्या न्यायात एवढं एक भोक राहिलं होतं, आणि ते पथकासमोर उघडं पडलं आहे. बाकीच्या दोघांपैकी एकाने वहीत काहीतरी लिहायला घेतलं.

प्रमुखांनी प्रसंग सावरला. हसून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मग एखादा शिल्लक असेल तर तो तू घे. काय हो बाई, असेल ना एखादा शिल्लक?"

वर्गात मागे कुठेतरी बाकाची फळी वाजली.

मुलीने उपबाईंकडे पाहिलं. "घेऊ, बाई?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. नाही, शिल्लक काही नाही, पेटीतले सगळे दिवस ज्याचे त्याला दिले आहेत. पण मग नामंजूर चिठ्ठी बाहेर आली असती. त्या लिहिणाऱ्या माणसाचं पेन वहीवर थांबलं होतं. उपबाईंनी मान डोलावली. घे.

पेन पुढे चाललं. शेरा उत्तम आला.

सतरा तारखेला ती मुलगी शाळेत आली नाही. अठराला नाही, एकोणीसलाही नाही. वीस तारखेला तिची आई आली. सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं टोपण तसंच राहिलेलं, हातातलं शिवण टाकून आलेली. मुलगी आजारी नाही, म्हणाली. सकाळी उठते, आवरते, आणि आज सोळा आहे म्हणते. कॅलेंडर दाखवलं तर हसते. आम्ही घरात कुणी असलं काही शिकवलेलं नाही, बाई, मग हे हिने आणलं कुठून?

उपबाई तिच्याबरोबर घरी गेल्या. एकच खोली, शिवणयंत्र खिडकीशी, कापडाच्या चिंध्या रंगांप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत. मुलगी स्टुलावर बसली होती, केस विंचरलेले, हात मांडीवर. कुणाची तरी वाट बघावी तशी, पण आनंदात. तिच्या शेजारी दुसरं स्टूल ओढून ठेवलेलं होतं. आई म्हणाली की ते ती हलवू देत नाही.

"बाई, आज आमचा दिवस आहे," मुलगी म्हणाली.

"आमचा म्हणजे कुणाकुणाचा?"

आठ महिने आणि वर काही आठवड्यांत उपबाईंनी पहिल्यांदाच कुणाला तरी हे विचारलं. मुलीने त्यांच्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं आणि ती पुन्हा दाराकडे बघू लागली.

उपबाईंनी जमेल ते केलं. शाळेत येऊन लाल रेघ खोडली, नामंजूर खोडून मंजूर लिहिलं, सही केली, शिक्का मारला. पण तारीख उलटून गेलेली होती, आणि दिवस एकदा दुसऱ्याच्या नावावर चढला की तो शिक्क्याने उतरत नाही. त्यांनी पुढल्या महिन्याची वाट पाहिली. त्या महिन्यात राखाडी चिठ्ठी आलीच नाही. पुन्हा कधीच आली नाही.

उलट पाचवी ब ची वर्गशिक्षिका हसत आली. आता बरोबर भरतं, म्हणाली. एकतीस कागद, एकतीस डोकी. एकोणीस म्हटलं की पहिल्या बाकावरून उत्तर येतं. आवाज जरा बदललाय तिचा, म्हणाली, सर्दी झाली असेल. उपबाईंनी तिला सांगितलं नाही की एकोणीस अजून घरीच स्टुलावर बसलेली असते, तिची आई रोज सकाळी कार्यालयाच्या खिडकीशी उभी असते आणि भाऊ रोज एका वेगळ्या कागदावर एक गोल काढतो.

आईने तक्रार केली नाही. तिच्यामागे संघ नव्हता, सभा नव्हती, मोर्चा काढायला चार घरं नव्हती. ती नुसती विचारायची, कधी संपेल हो, बाई? बाईंना आता खिडकीतून मैदान दिसायचं आणि कोपर टेकायला खुर्चीला हात होते, पण या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीतल्या कुठल्याच कपाटात नव्हतं. पाचवी ब च्या दारावरून त्या जात नसत. लांबच्या जिन्याने जात.

तर देणंघेणं असं फिटलं. बाईंना खुर्ची मिळाली. सातवी अ च्या तेरा मुलांना त्यांचा सण मिळाला, वकीलकाकांनी आभाराचं पत्र पाठवलं. खात्याला दाखवायला एक आदर्श शाळा मिळाली. गणिताच्या मास्तरांचं काही गेलं नाही, कारण त्यांनी काही पणाला लावलंच नव्हतं. बत्तिसाव्याला पटावर नाव मिळालं आणि बसायला पहिला बाक. आणि या सगळ्याचं मोल भरलं अकरा वर्षांच्या एका मुलीने, जिने पेटीत कधी चिठ्ठी टाकली नव्हती, आणि घेऊ का म्हणून आधी विचारलंही होतं.